गडगा कोणी घालायचा?

जमिनीचे भांडण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हद्दीचे भांडण उभे राहते. शेजाऱ्याने बांध कोरला, खुणेचा दगड सरकवला, मोजणी चुकली, अशा तक्रारींनी तालुक्याच्या कचेऱ्या भरलेल्या असतात. परंतु या वादाच्या पोटात आणखी एक वाद असतो आणि तो सहसा कागदावर येत नाही. हद्द दोघांनाही मान्य असते. पण त्या हद्दीवर गडगा घालायचा तर चिऱ्याचे आणि मजुरीचे पैसे कोणी द्यायचे? पावसाळ्यात तो ढासळला तर पुन्हा कोणी उभा करायचा? एकाने पदरमोड करून घातला आणि दुसऱ्याने तो आयता वापरला तर? कोकणात गडगा, देशावर कुंपण, शहरात कंपाउंड. नाव बदलते, तंटा तोच राहतो. या एवढ्याशा गोष्टीवरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद होते आणि ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी एका घरातून दुसऱ्या घरात जाईनाशी होते.

नमाज-रोजा, निकाह-तलाक आणि वारसाहक्क एवढ्यातच फिकह संपते, असा समज आपल्यातही बराच रूढ आहे. प्रत्यक्षात मुस्लिम विधिज्ञांनी भिंत, कुंपण, खिडकी, पन्हळ, पाट आणि वाट यांवर शतकानुशतके विचार केला. केवळ भिंतींच्या तंट्यांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. अंदलुसमधील तुदेला या गावचे इसा इब्न मूसा (मृत्यू इ. स. ९९६) यांच्या ग्रंथाचे नावच 'किताबुल जिदार', म्हणजे भिंतीचे पुस्तक, असे आहे. बुखाऱ्याचे हनफी विधिज्ञ सद्र-अल-शहीद (मृत्यू इ. स. ११४१) यांनी अशाच एका 'किताबुल हीतान'वर भाष्य लिहिले. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये इब्न अल-रामी नावाचा एक गवंडी होता. काजी इब्न अब्द अल-रफी त्याला तंट्याच्या जागी पाहणीला पाठवीत. भिंत कोणाची, ती किती झुकली, तडा कशामुळे गेला, हे तो पाहून सांगे. आपल्या अनुभवावरून त्याने बांधकामाच्या कायद्यावर ग्रंथ रचला. हातात थापी धरणाऱ्या माणसाने लिहिलेले हे विधिशास्त्र आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गाठी कोणाच्या बाजूला?

सुनन इब्न माजामध्ये एक प्रसंग आला आहे. काही लोक बोरूच्या एका आडोशावरून भांडत प्रेषितांकडे (स.) आले. प्रेषितांनी (स.) हजरत हुजैफा (र.) यांना निवाड्यासाठी पाठवले. हुजैफांनी पाहिले की बोरू ज्या दोरीने बांधले आहेत तिच्या गाठी कोणाच्या बाजूला आहेत. गाठी ज्याच्या अंगणाकडे, आडोसा त्याचा, असा निकाल त्यांनी दिला आणि प्रेषितांनी (स.) तो पसंत केला. यामागचा तर्क साधा आहे. कुंपण बांधणारा माणूस आपल्याच जागेत उभा राहून गाठ मारणार.

या रिवायतीची सनद मुहद्दिसांनी कमकुवत ठरवली आहे. तरीही तिच्यातला प्रश्न विधिज्ञांना सोडवत राहावा लागला. इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी गाठींचा पुरावा मानला. त्यांचे गुरू इमाम अबू हनीफा यांनी तो मानला नाही. असे कुंपण दोघांचे समजावे, असे त्यांचे मत. इमाम शाफिई यांनीही गाठी किंवा विटांची दर्शनी बाजू यांना पुरावा म्हणून स्थान दिले नाही. विटांच्या भिंतीसाठी मग दुसऱ्या खुणा शोधल्या गेल्या. भिंतीचा कोपरा कोणाच्या घराच्या बांधकामात गुंफलेला आहे? तुळया कोणाच्या घराच्या टेकल्या आहेत? मालकी ठरल्याशिवाय खर्चाचा बोजा ठरत नाही, म्हणून ही सारी खटपट. मजल्लाचे ८७ वे कलम हेच तत्त्व सांगते: फायदा ज्याचा, तोशीसही त्याची.

या मजल्लाची ओळख करून घेतली पाहिजे. १८६९ ते १८७६ या काळात उस्मानी साम्राज्यात अहमद जेवदेत पाशा यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने हनफी फिकहच्या आधारे दिवाणी कायद्याची १८५१ कलमे तयार केली. तुर्कस्तानात १९२६ साली नवा दिवाणी कायदा आल्यावर ती रद्द झाली. हिंदुस्थानात ती कधीच लागू नव्हती. परंतु हनफी विधिज्ञांनी शेजाऱ्यांच्या संबंधांचा किती बारकाईने विचार केला होता, हे त्यांत एका ठिकाणी पाहायला मिळते. स्वयंपाकघर, विहिरीचे तोंड आणि घराचे अंगण या बायकांच्या वावराच्या जागा मजल्लाने मानल्या आहेत. तिथे नजर जाईल अशी नवी खिडकी कोणी पाडली, तर आडोसा करण्याची जबाबदारी खिडकी पाडणाऱ्यावर येते. पण खिडकी अजिबात बुजवून टाक, अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. काट्याकुट्यांच्या कुंपणात फटी असतील तर मालकाला फटी बुजवायला सांगता येते. कुंपण मोडून भिंतच बांध, असे सांगता येत नाही. बागेतल्या झाडावर फळे काढायला चढणाऱ्याने शेजारच्या घरात आधी वर्दी द्यावी, एवढे बारीक कलमही त्यात आहे. पुरेसे तेवढेच मागावे, शेजाऱ्याला नाहक खर्चात पाडू नये, हा या सगळ्यांतला समान धागा.

पडलेली भिंत

खरा पेच असतो तो दोघांच्या सामाईक भिंतीचा. ती पडली. एक म्हणतो, बांधूया. दुसरा म्हणतो, माझ्याकडे पैसे नाहीत, किंवा मला गरज नाही. दुसऱ्यावर सक्ती करता येईल काय?

इमाम शाफिई (मृत्यू इ. स. ८२०) यांची या प्रश्नावर दोन मते नोंदलेली आहेत. इराकमधले त्यांचे जुने मत असे की सक्ती करावी. मिसरला गेल्यावरचे नवे मत असे की करू नये. इमाम नववी (मृत्यू इ. स. १२७७) यांनी 'मिन्हाज'मध्ये नवे मतच ग्राह्य धरले आहे. पुढचा तपशील तर आपल्या गावातलाच वाटावा. भागीदार तयार नसेल आणि दुसरा स्वतःच्या सामानाने भिंत उभारू पाहत असेल, तर त्याला अडवता येत नाही. ती भिंत मग त्याच्या एकट्याची होते. तिच्यावर तो हवे ते ठेवील, वाटल्यास पाडील. नंतर दुसरा धावत आला आणि म्हणाला, "पाडू नकोस, माझा हिस्सा मी देतो," तरी ते ऐकणे बांधणाऱ्यावर बंधनकारक नाही. मात्र पडलेल्या भिंतीचे सामाईक दगड वापरून बांधायचे असेल, तर दुसरा त्याला रोखू शकतो.

कोकणी मुसलमान बहुसंख्येने शाफिई आहेत. माहीमचे मखदूम अली माहिमी (मृत्यू इ. स. १४३१) हेही त्याच मसलकाचे. अरबी समुद्रावरच्या व्यापाराबरोबर हा मसलक आपल्या किनाऱ्यावर आला. देशावरचे आणि मराठवाड्यातले मुसलमान बहुतांशी हनफी. म्हणजे महाडच्या घाटाखाली आणि घाटावर एकाच भिंतीबद्दल काजीचे उत्तर थोडे वेगळे आले असते.

हनफींचा भर विचारण्यावर आहे. सामाईक वस्तूची दुरुस्ती भागीदारांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे करावी, हा मूळ नियम. भागीदाराला न विचारता आणि काजीची परवानगी न घेता एकट्याने खर्च केला, तर तो तबर्रु, म्हणजे आपखुशीचे दान समजला जातो. मागून त्याची वसुली करता येत नाही. भागीदार परगावी असेल तर काजीची परवानगी घ्यावी. ती परवानगी गैरहजर भागीदाराच्या संमतीच्या जागी धरली जाते आणि त्याच्या हिश्श्याचा खर्च मागता येतो. ज्या गावांतला कर्ता पुरुष दोन पिढ्या मुंबईत आणि पुढे आखातात राहिला, त्या गावांना या नियमाचे महत्त्व निराळे सांगायला नको. "तुला कोणी सांगितले होते बांधायला?" हा रजेवर आलेल्या भावाचा प्रश्न आणि "तू होतास कुठे?" हे गावातल्या भावाचे उत्तर, या दोहोंच्या मधली जागा त्या विधिज्ञांनी हेरली होती.

मालिकी विधिज्ञांनी आणखी एक भेद केला. भिंत एकाची आहे, पण तिचा आडोसा दोघांना मिळतो. ती आपोआप पडली तर मालकावर सक्ती नाही. शेजाऱ्याला पडदा हवा असेल तर त्याने आपल्या जागेत करावा. पण मालकाने शेजाऱ्याला त्रास व्हावा म्हणून ती मुद्दाम पाडली असेल, तर त्याला ती पुन्हा बांधून द्यावी लागेल. कायद्याने इथे हेतू पाहिला आहे.

सक्तीबाबत एकवाक्यता का झाली नाही, याचे कारण दोन तत्त्वांच्या ओढाताणीत आहे. शेजारी आपल्या भिंतीत तुळईसाठी लाकूड रोवत असेल तर त्याला अडवू नका, अशी हदीस हजरत अबू हुरैरा (र.) यांनी सांगितली आहे. ऐकणाऱ्यांचे चेहरे पडले, तेव्हा त्यांनी चांगलेच सुनावले. इमाम अहमद यांनी ही आज्ञा बंधनकारक मानली. इमाम मालिक यांनी तिला शिफारस मानले. हजरत उमर (र.) यांच्यापुढे अद्दहाक इब्न खलीफा यांची तक्रार आली. त्यांना मुहम्मद इब्न मस्लमा यांच्या जमिनीतून पाण्याचा पाट न्यायचा होता. पाटाचे पाणी इब्न मस्लमांनाही मिळणार होते, तरी ते नकार देत होते. तुझ्या पोटावरून न्यावा लागला तरी पाट जाईल, अशा अर्थाचे शब्द वापरून उमर यांनी तो जाऊ दिला. एकीकडे शेजाऱ्याची गरज, दुसरीकडे माणसाचा स्वतःच्या मालमत्तेवरचा हक्क. चारही मसलकांनी या दोहोंचे माप आपापल्या परीने लावले.

गुरे आणि कुंपण

कुंपण बहुधा माणसांसाठी नसते, गुरांसाठी असते. म्हणून प्रश्न असाही विचारता येतो: पीक राखणे शेतवाल्याचे काम, की गुरे आवरणे गुरेवाल्याचे?

कुरआनच्या सूरह अंबियामध्ये हजरत दाऊद आणि हजरत सुलैमान यांच्यापुढे आलेल्या अशाच एका खटल्याचा उल्लेख आहे. रात्री मेंढ्या कोणाच्या तरी शेतात शिरल्या. तफसीरकार सांगतात की दाऊद यांनी नुकसानीपोटी मेंढ्या शेतवाल्याला देऊन टाकल्या. सुलैमान यांनी दुसरा तोडगा सुचवला. शेत पूर्ववत होईपर्यंत मेंढ्यांचे दूध आणि लोकर शेतवाल्याने घ्यावी, मेंढपाळाने शेत पुन्हा उभे करावे आणि मग ज्याचे त्याला परत द्यावे. नुकसान भरून निघाले आणि कोणी कायमचा नागवला गेला नाही.

मदीनेत बरा इब्न आजिब (र.) यांची सांडणी एका बागेत शिरली. तेव्हा प्रेषितांनी (स.) दिलेला निवाडा असा: दिवसा बाग राखणे बागवाल्याकडे, रात्री गुरे राखणे गुरेवाल्याकडे. शाफिई आणि मालिकी विधिज्ञांनी तो स्वीकारला. हनफींनी मुक्या जनावराच्या कृत्याची जबाबदारी मालकावर नाही, या दुसऱ्या हदीसला अधिक वजन दिले.

मदीनेने दिवस आणि रात्र अशी वाटणी केली, तर आपल्या कोकणाने ऋतूंची केली होती. भात उभे असेपर्यंत गुरे राखायची, कापणी झाली की मोकळी सोडायची. त्यामुळे परसाच्या वाडीपुरती काट्यांची वई पुरत असे. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याने शेतवाल्याला शिरलेली गुरे धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात नेण्याचा अधिकार दिला आणि जबाबदारी गुरेवाल्याकडे झुकली. पुढे १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आली. वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. कलम बाराही महिने राखावे लागते. मोकळ्या गुरांचा काळ तिथे संपला आणि जांभ्याच्या गडग्यांचा सुरू झाला. ज्या कातळावर कोणी हद्द विचारत नव्हते तिथेही हद्द आली आणि तिच्या मागोमाग खर्चाचा हिशेब आला.

महजर ते मोजणी

इंग्रजांपूर्वी महाराष्ट्रात असे वाद गोतसभेपुढे चालत. निवाड्याच्या कागदाला म्हणत महजर. शब्द अरबी, मजकूर मराठी. हाजिर मजालसीत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत. आदिलशाही-निजामशाही अमलात काजीही असे आणि महजरावर त्याचा शिक्का पडे. पाटलाची निशाणी नांगराची. गावच्या बलुतेदारांत मुलाणाही होता. शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची मानली जाई. कारण गावाची हद्द पायाखाली घातलेला माणूस तोच. ज्यांना रोज एकमेकांची तोंडे पाहायची आहेत अशा माणसांनी मिळून केलेला तो निवाडा असे. त्यात जातीची उतरंड होती, बलवानाचे वजन होते, हे विसरता येत नाही. तरी खर्च, वहिवाट आणि अब्रू या तिन्हींचा विचार एकाच बैठकीत होत असे.

ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने मोडली. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने निकालासाठी आधी सरकारी कायदा, मग स्थानिक रूढी, मग प्रतिवादीचा कायदा आणि शेवटी न्यायबुद्धी असा क्रम लावला. १८६४ च्या कायद्याने सरकारनियुक्त काजींची पदे रद्द झाली. शरियतचा कायदा म्हणून जे उरले ते निकाह, तलाक, वारसा, वक्फ एवढेच. १९३७ च्या शरियत कायद्यानेही त्याच विषयांना हात घातला आणि शेतजमीन तर बाहेरच ठेवली. शेजारधर्माचे फिकह कोणी रद्द केले नाही. ते फक्त कोर्टाच्या कक्षेबाहेर पडले आणि हळूहळू आपल्या आठवणीतूनही गेले.

जमिनीच्या बाबतीत त्याची जागा मोजणीने घेतली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली, तिने प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, नकाशा आणि हद्दीच्या खुणा दिल्या. १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा आणि त्यानंतरची १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता यांनी खुणा नीट राखण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली. त्याने कुचराई केली तर सरकार दुरुस्ती करून खर्च वसूल करते. खुणा मोडणाऱ्याला दंड होतो. बांधावरून जाण्याच्या वाटेचा निर्णय कलम १४३ खाली तहसीलदार देतो. हे सारे आवश्यकच आहे. जमिनीच्या खुणा बदलणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केली आहे. वीतभर जमीन बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, असेही बजावले आहे. परंतु मोजणीदार हद्द कुठे आहे ते सांगतो. तिच्यावर गडगा घालण्याचा खर्च कसा वाटायचा, हे सांगणे त्याचे काम नाही. पूर्वी गोतसभा आणि काजी ज्या प्रश्नाचे उत्तर देत, तो प्रश्न आता दोन घरांच्या समजूतदारपणावर सोडलेला आहे.

सुलहचे प्रकरण

इमाम नववींच्या 'मिन्हाज'मध्ये सामाईक भिंतीचे नियम कोणत्या प्रकरणात आले आहेत? दाव्यांच्या किंवा साक्षीपुराव्याच्या प्रकरणात नव्हे. ते आले आहेत सुलहच्या, म्हणजे तडजोडीच्या प्रकरणात. हक्क नेमका कोठवर आहे हे आधी समजून घ्यायचे, ते कशासाठी, तर बोलणीला बसताना दोघांनाही आपली जागा माहीत असावी म्हणून.

आपण आज काय करू शकतो? पाया खणण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारावे. त्याने नकार दिला तर गडगा पूर्णपणे आपल्या जागेत घालावा आणि तो आपला आहे हे त्याला सांगून ठेवावे. तो तयार असेल तर चार ओळी लिहून काढाव्यात: गडगा कोणाच्या जमिनीत, खर्च कोणाचा किती, दुरुस्ती कोणी करायची, पावसाचे पाणी कुठून जाणार. कुरआनने उधारीचे व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहेत. तो सल्ला इथेही कामी येतो. भाऊ परदेशी असेल तर त्याचा होकार आधी घ्यावा. जमातीच्या मंडळींनी महिन्यातून एकदा अशा तंट्यांसाठी बसायला हरकत नाही. मात्र त्या बैठकीत मोजणीचा नकाशा समोर हवा आणि ज्यांच्या अंगणाचा प्रश्न आहे त्या बायकांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे.

शेजारी मुसलमान नसेल तर? अब्दुल्ला इब्न अम्र (र.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला की नाही, हे त्यांनी दोनदा विचारले. शेजाऱ्याच्या हक्काविषयीची हदीस त्यांनी त्याच वेळी सांगितली. शेजाऱ्याचा हक्क धर्म विचारून ठरत नाही. शहरांतल्या दंगलींनंतर वस्त्या धर्मावर वाटल्या गेल्या, तिथे सामाईक भिंतच उरली नाही. ज्या गावांत ती अजून आहे, तिथे ती खर्चाच्या भांडणात गमावणे परवडणारे नाही.

सूरह कहफमध्ये हजरत मूसा आणि त्यांचे वाटाड्ये, ज्यांना परंपरा हजरत खिज्र म्हणते, एका गावात येतात. गावकरी त्यांना अन्न नाकारतात. त्याच गावातली एक पडायला आलेली भिंत खिज्र नीट उभी करतात. मूसा म्हणतात, याची मजुरी तरी घ्यायची होती. पुढे उलगडा होतो की ती भिंत दोन अनाथ मुलांची होती आणि तिच्याखाली त्यांचा ठेवा होता. मूसांचा प्रश्न चुकीचा नव्हता. श्रमाची मजुरी मागणे न्यायाचेच आहे, आणि फिकहचे सगळे नियम त्या न्यायासाठीच आहेत. पण भिंतीपलीकडच्या घरात कधी दोन लहान मुले आणि त्यांची विधवा आई एवढीच माणसे असतात. तिथे अर्ध्या खर्चाचा हक्क आपल्याला असला, तरी तो मागायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.